घरचे तयार नाहीत

महाडच्या सत्याग्रहातली मार्च १९२७ ची पाण्याची ओंजळ सगळ्यांच्या लक्षात आहे. चवदार तळ्याकाठी दर २० मार्चला गर्दी लोटते ती त्या ओंजळीसाठी. डिसेंबर म्हटलं की आठवते ती २५ तारखेची होळी, गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडलेला ठराव आणि मनुस्मृतीचं दहन. त्याच २५ डिसेंबरला बाबासाहेब आंबेडकरांनी जे अध्यक्षीय भाषण केलं, ते मात्र फार थोडे वाचतात. त्यात १७८९ च्या फ्रान्समधल्या राष्ट्रसभेशी महाडच्या सभेची तुलना आहे, ती उद्धृत होते. पण भाषणातला अडचणीचा मुद्दा पुढे आहे. तळ्यावर पाणी भरता आलं म्हणजे अस्पृश्यता गेली असं समजू नका, असं ते सांगतात. पाण्याची नि पंगतीची बंदी उठली तर घराबाहेरची अस्पृश्यता जाईल. घरातली जायची तर बेटीबंदी मोडावी लागेल.

ही काही सभेच्या भरात सुचलेली गोष्ट नव्हती. १९१६ मध्ये, वयाच्या पंचविशीत, कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात त्यांनी जातीचा गाभा म्हणून एकच लक्षण धरलं होतं: आपल्यातच लग्न करणं. १९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी त्यांनी जे भाषण लिहिलं आणि जे मंडळानं होऊच दिलं नाही, त्यातही खरा उपाय म्हणून आंतरजातीय विवाहाचंच नाव घेतलं. वीस वर्षं माणूस एकच गोष्ट सांगतो आहे आणि आपण तळ्याला वळसा घालून परत येतो आहोत.

तळ्याचा निकाल लागला. सनातन्यांनी कोर्टात सांगितलं की तळं खासगी आहे आणि अस्पृश्यांना मज्जाव हा अनादी रिवाज आहे. १९३७ च्या मार्चमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो रिवाज सिद्ध होत नाही म्हणून अपील फेटाळलं. लग्नाच्या बाबतीतही कायद्यानं आपलं काम केलं. १९४९ च्या कायद्यानं हिंदूंमधली आंतरजातीय लग्नं वैध ठरवली, १९५४ चा विशेष विवाह कायदा आला, आणि पुढे महाराष्ट्र सरकारनं अशा काही जोडप्यांना पन्नास हजारांचं अनुदानही देऊ केलं. पण कुठलंही न्यायालय कुणाला कुणावर प्रेम करण्याचा हुकूम देऊ शकत नाही, आणि देऊही नये. कायदा दार उघडून देईल. त्या दारातून कुणी का जात नाही, हे शोधायला दुसरंच काही लागतं.

महाड-पोलादपूरकडे आज बघा. एसटीत शेजारी कोण बसलं हे कुणी विचारत नाही. बिरवाडीकडच्या एमआयडीसीत एकाच पाळीला सगळ्या वाड्यांची पोरं-पोरी असतात. कॉलेजात एकाच बाकावर बसतात, एकाच वडापावचे दोन तुकडे करतात. गावात मात्र मराठा आळी वेगळी, कुणबीवाडी वेगळी, बौद्धवाडी वेगळी, कातकऱ्यांची आदिवासीवाडी आणखी वरच्या अंगाला, मोहल्ला निराळा. आणि या सगळ्यांमधून वाट काढत प्रेम होतंच. मोबाइलनं ते सोपंही केलं आहे. इन्स्टाग्रामवर ओळख होते, गप्पा वाढतात, आणि मग इकडे हमखास लागणारी एक अडचण येते: आडनाव.

जाधव, पवार, मोरे, शिंदे ही आडनावं मराठ्यांतही आहेत, बौद्धांतही आहेत. नुसत्या आडनावावरून काही कळत नाही. म्हणून दुसरा प्रश्न येतो, गाव कुठलं? गाव कळलं की तिसरा, वाडी कुठली? वाडी कळली की बहुधा चौथा प्रश्न येतच नाही. मेसेजला उत्तर उशिरा यायला लागतं, मग येतच नाही. फारच सभ्य मुलगा असला तर सांगतो, ‘घरचे तयार नाहीत’. कित्येकदा घरच्यांना विचारलेलंही नसतं. घरचे काय म्हणतील हे त्याला पाठ असतं, आणि त्या पाठांतराच्या आडोशाला त्याची स्वतःची नापसंतीही सुखरूप राहते.

ठरवून होणाऱ्या लग्नांत हा आडोसा आणखी दाट. व्हॉट्सॲपवर फिरणारा एखादा बायोडाटा नीट वाचावा. वर गणपती, मग नाव, जन्मवेळ, रास, गण, नाडी. रंग या रकान्यात गोरा, निमगोरा किंवा गव्हाळ. सावळा असं कुणी लिहिलेलं क्वचित दिसेल, जणू सह्याद्रीच्या पायथ्याला कुणी सावळं जन्मतच नाही. मग कुळी, देवक, मामांचं आडनाव, आणि नातेसंबंध म्हणून आठ-दहा आडनावांची रांग, म्हणजे वाचणाऱ्याला कुठेच शंका नको. शेवटी अपेक्षा: सुशिक्षित, संस्कारी, अनुरूप. जाहिरातींत तर ‘जातीची अट नाही’ असं छापून पुढे कंसात ‘एससी, एसटी क्षमस्व’ असं असतं. त्या ‘क्षमस्व’ची मला नेहमी गंमत वाटत आली आहे. नकार देताना इतकं नम्र राहणं दुसरीकडे कुठे जमतं आपल्याला? आणि तरीही एखादं नको असलेलं स्थळ आलंच, तर ‘पत्रिका जुळत नाही’ हे उत्तर तयार असतंच.

प्यू संशोधन केंद्रानं २०२१ मध्ये भारतभरच्या सुमारे तीस हजार लोकांच्या मुलाखतींचा अहवाल प्रसिद्ध केला. अनुसूचित जातींबाहेरच्या लोकांना विचारलं होतं की दलित शेजारी चालेल का. सुमारे ७२ टक्के लोक चालेल म्हणाले. त्याच पाहणीत सगळ्यांना आणखी एक विचारलं होतं: आपल्या समाजातल्या बायकांनी जातीबाहेर लग्न करू नये म्हणून त्यांना अडवणं कितपत महत्त्वाचं? ‘फार महत्त्वाचं’ असं ६४ टक्क्यांनी सांगितलं. पुरुषांना अडवण्याबद्दलही ६२ टक्क्यांचं तेच मत होतं. शेजार चालतो, सोयरीक चालत नाही. बाबासाहेबांनी घराबाहेरची नि घरातली अशी जी फोड महाडला केली होती, ती जवळपास शतकभरानं आकड्यांत तशीच उतरली आहे. भारतीय मानव विकास सर्वेक्षणात २०११-१२ च्या सुमारास नवरा-बायकोची जात वेगळी असल्याचं सांगणाऱ्या विवाहित स्त्रिया पाच टक्क्यांच्या आसपासच निघाल्या.

पण हा पाच टक्क्यांचा आकडा झालेल्या लग्नांचा आहे. वाडीचं नाव ऐकून थांबलेला मेसेज त्यात नाही. दोन वर्षं चाललेलं आणि मुलाच्या साखरपुड्याच्या आदल्या आठवड्यात गुपचूप मिटवलेलं प्रकरण त्यात नाही. जातीचं काम चालतं ते मुख्यतः या न झालेल्या गोष्टींतून, आणि त्यांची नोंद कुठल्याच दप्तरात होत नाही. ती नोंद करायची तर एकच मार्ग आहे: लोकांना विचारणं, आणि लोकांनी खरं सांगणं.

परदेशात हे विचारणं बरंच पुढे गेलं आहे. तिथे प्रश्न वंशाचा नि कातडीच्या रंगाचा. ओकेक्युपिड या अमेरिकन डेटिंग संकेतस्थळानं २००९ मध्ये आपल्याच सदस्यांच्या निरोपांचा हिशेब मांडला, तेव्हा कृष्णवर्णीय स्त्रियांच्या निरोपांना सर्वांत कमी उत्तरं मिळतात असं दिसलं. ऑस्ट्रेलियात दोन हजारांहून अधिक समलिंगी व उभयलिंगी पुरुषांना विचारून केलेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष मला फार महत्त्वाचा वाटतो. जोडीदार निवडताना वंशाची चाळणी लावण्यात गैर काय, ही फक्त आवड आहे, असं म्हणणारे लोक इतर बाबतींतही वंशभेदाकडे झुकलेले आढळले. आवड ही उरलेल्या मनापासून तोडलेली, स्वतंत्र खोली नसते. २०२० च्या जूनमध्ये ग्राइंडर या डेटिंग ॲपनं वंशाची चाळणी काढायचं जाहीर केलं, आणि त्याच महिन्यात परदेशस्थ भारतीय मुलींनी आवाज उठवल्यावर आपल्या मुंबईच्या शादी डॉट कॉमनं कातडीच्या रंगाची. जातीचा रकाना मात्र जागेवरच राहिला. अमेरिकेत डेटिंगच्या बाजारात आपल्याला रंगावरून डावलतात म्हणून हळहळणारा मराठी तरुण तिथूनच आईला कळवतो की मुलगी आपल्यातलीच बघ. दोन्ही दुःखं त्याच्या एकाच फोनमध्ये सुखानं नांदतात.

आपल्याकडेही असे अभ्यास झाले आहेत, आणि त्यांनी आपल्या समजुतींना धक्के दिले आहेत. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्तेर दुफ्लो आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी कोलकात्याच्या आनंदबाजार पत्रिकेत लग्नाच्या जाहिराती देणाऱ्या कुटुंबांना गाठलं. कुणाची पत्रं आली, कुणाला उत्तर दिलं, कुणाला नाही, असा तपशील घेतला. जातीबाहेरचं स्थळ टाळण्यासाठी मुलीकडची माणसं अशिक्षित नि एम.ए. यांच्यातल्या फरकाएवढं पाणी शिक्षणावर सोडायला तयार असतात, असं २०१३ मध्ये छापलेल्या त्या निबंधात दिसतं. शिक्षणानं जात जाईल हे आपण भाबडेपणानं म्हणत असतो. दुसरा अभ्यास दिल्लीच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतल्या संशोधकांचा. आंतरजातीय लग्नाशी नवरा किंवा नवरी किती शिकलेली याचा त्यांना फारसा संबंध सापडला नाही. संबंध सापडला तो नवऱ्याच्या आईच्या शिक्षणाशी. सासू जितकी शिकलेली, तितका अशा लग्नाचा संभव जास्त. हे घरी बसून कुणाला सुचलं असतं? आपली सगळी व्याख्यानं तरुणांसाठी, आणि किल्ली बसलेली माजघरात.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की प्रेमातल्या नि लग्नातल्या जातिभेदावर कुणी प्रश्नावली घेऊन महाडला, पोलादपूरला आलं, तर उत्तरं द्यायला पुढे व्हावं. आणि मुख्यतः पुढे व्हावं ते ज्यांनी नकार दिला त्यांनी. आजवर हा भार उलट्या बाजूनं पेलला आहे. बौद्धवाडीतल्या मुलीला किती वेळा सांगायला लावायचं की तुला कसं सोडलं? तिनं सांगितलं, कवितेत सांगितलं, आत्मकथनात सांगितलं, सिनेमात सांगितलं. ‘फँड्री’ आणि ‘सैराट’ बघून मराठा आळीतल्या पोरांनीही डोळे पुसले. पण त्यांच्या बाजूची कैफियत कोरीच आहे. मी त्या मुलीला उत्तर देणं का थांबवलं, त्या दिवशी कुणाची भीती वाटली, आईची, भावकीची की मित्रांच्या हसण्याची, हे सांगणारा माणूस जवळजवळ भेटत नाही. दुखणं एकाच्या अंगावर नि कारण दुसऱ्याच्या मनात असेल, तर पहिल्यालाच पुन्हा पुन्हा तपासून निदान कसं होणार?

बोलायला नकार देण्याची किंमत महाराष्ट्रानं पाहिली आहे. नगर जिल्ह्यातल्या खर्ड्यात २८ एप्रिल २०१४ रोजी नितीन आगे या सतरा वर्षांच्या दलित विद्यार्थ्याला मारून टाकलं, वरच्या जातीतल्या मुलीशी बोलत होता एवढ्या संशयावरून. अनेक साक्षीदार फितूर झाले आणि २०१७ मध्ये सत्र न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले. कोर्टातली साक्ष आणि प्रश्नावलीतलं उत्तर यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे मान्य. पण गप्प राहण्याचं वळण एकच आहे, आणि ते कोर्टाच्या पायरीवर अचानक पडत नसतं.

आता आक्षेप. पहिला ठरलेला: कुणावर जीव जडावा हा ज्याचा त्याचा प्रश्न, त्यात संशोधकांनी नाक खुपसू नये. जीव कुणावर जडावा हे कुणीच विचारत नाही. विचारायचं आहे ते जडलेला जीव वाडीचं नाव कळल्यावर कसा काय उडाला, हे. शिवाय जी गोष्ट बायोडाट्यात छापून पाचशे घरांत वाटली जाते, जिच्यासाठी जातवार वधू-वर मेळावे भरतात, आणि जी मोडली तर गावकीची बैठक बसते, ती खासगी कधी होती?

दुसरा आक्षेप जड आहे. लोक खोटं सांगतील. ‘आम्ही जात मानत नाही’ असं म्हणून चहा पाजून वाटेला लावतील. काही जण तसं करतीलच. पण अनुभव थोडा निराळाही आहे. फोनवरून घेतलेल्या ‘सारी’ या पाहणीत उच्च नि कनिष्ठ जातींमधली लग्नं रोखणारा कायदा हवा का, असं थेट विचारलं होतं. हवा, असं बेधडक सांगणारे उत्तर भारतात मोठ्या संख्येनं निघाले. आपल्याला वाटतं तितकी लाज लोकांना वाटत नाही. आणि प्रश्न विचारायचीही तऱ्हा असते. ‘तुम्ही जात मानता का’ या प्रश्नाला उत्तर एकच. ‘मागच्या वर्षी आलेल्या स्थळांपैकी कुठल्यांना पत्रिका न बघताच पत्रिका जुळत नाही म्हणून कळवलं’ असं विचारलं, तर विचारणाऱ्याला घर ठाऊक आहे हे उत्तर देणाऱ्याला कळतं.

तिसरा आक्षेप बौद्धवाडीतून येईल, आणि तो मी सर्वांत गंभीर मानतो. आमच्यावर संशोधन करून डॉक्टरेट मिळवणारे पुष्कळ आले, परत कुणी फिरकलं नाही. यामागे नुसता कंटाळा नाही, इतिहास आहे. माणसांच्या शरीरसंबंधांवरचं संशोधन नेहमीच भेद मोडण्यासाठी झालेलं नाही. ऑयगेन फिशर हा जर्मन शास्त्रज्ञ १९०८ मध्ये आजच्या नामिबियात गेला आणि रेहोबोथच्या मिश्र वंशाच्या लोकांची मोजमापं घेऊन आला. १९१३ मध्ये त्यानं त्यावर ग्रंथ लिहिला नि त्याचा वापर वंशांमधल्या मिश्र लग्नांच्या विरोधात केला. पुढच्या नाझी वंशशास्त्राचा तो एक आधारस्तंभ झाला. आपल्याकडे ब्रिटिश अधिकारी रिस्लेसाहेब नाकांची रुंदी मोजून जातींची उतरंड लावत होते, त्यांचं म्हणणं खोडायला मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये १९३२ मध्ये पुढे आले. बाबासाहेबांनीही जात म्हणजे वंश ही कल्पना झिडकारली, आणि त्यासाठी नाकांच्या त्याच मोजमापांचा दाखला दिला.

या फिशरच्याच हाताखाली बर्लिनमध्ये, महाडच्या सत्याग्रहानंतर लगेचच्या त्या वर्षांत, एक मराठी तरुणी डॉक्टरेट करत होती. इरावती कर्वे. तिला काम मिळालं होतं कवट्यांच्या डाव्या-उजव्या बाजूंतला असमतोल मोजण्याचं, आणि मार्गदर्शकाला त्यातून युरोपीय वंशाचं वेगळेपण निघायला हवं होतं. मोजमापांत ते सापडेना. सापडत नाही, असं तिनं प्रबंधात लिहिलं. विशीतल्या परदेशी विद्यार्थिनीनं त्या संस्थेत बसून असं लिहिणं ही साधी गोष्ट नव्हे. (पुढे महाराष्ट्रात येऊन इरावतीबाईंनीही जातींची डोकी मोजलीच, तो भाग वेगळा. मोजपट्टी खाली ठेवणं सोपं नसतं.) रेहोबोथच्या त्या माणसांना कुणी काही विचारलं नव्हतं, फक्त मोजलं होतं. ज्याला प्रश्न विचारला जातो, त्याला नाही म्हणता येतं, उलट प्रश्न करता येतो, हा प्रश्न चुकीचा आहे असंही सांगता येतं.

म्हणून भाग घ्यावा, पण अटी घालून. इथे, म्हणजे रायगड जिल्ह्यात, एक अट विशेष आहे. वाळीत टाकण्याच्या प्रकरणांनी हा जिल्हा गाजला आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा राज्याचा २०१६ चा कायदा, जो ३ जुलै २०१७ पासून लागू झाला, त्यामागे रायगडातल्या तक्रारींचा मोठा वाटा होता. अशा ठिकाणी ‘माझ्या मुलीनं बौद्धवाडीतला मुलगा आणला तर मी हो म्हणेन’ हे एखाद्या आईचं उत्तर फुटलं, तर तिच्या घरचं कार्य अडेल. तेव्हा नाव तर नकोच, पण गाव नि वाडीही अहवालात ओळखू येता कामा नये. चाळीस उंबऱ्यांच्या वाडीत ‘बी.एड. झालेली, दोन मुलांची आई’ एवढ्यावर माणूस सापडतो. मुलाखत ओटीवर बसून घ्यायची नाही, तिथे बोलणारा एक नि ऐकणारे सात असतात. निष्कर्ष मराठीत लेखी द्यायचे, आणि ज्यांनी उत्तरं दिली त्यांना छापण्याआधी दाखवायचे.

आणि प्रश्न सगळ्यांना विचारायचे. मराठ्याला बौद्ध नको, हे तर झालंच. पण शहाण्णव कुळी म्हणवणाऱ्याला कुणब्याची मुलगी का नको? बौद्धांना चर्मकार का नको, आणि चर्मकारांना बौद्ध? कातकरी सून तर यांपैकी कुणाच्याच कल्पनेत नाही. बाबासाहेब ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हणत, ती हीच, प्रत्येकाच्या पायाखाली कुणीतरी आहे. या प्रश्नांनी आपलीच माणसं अडचणीत येतात म्हणून चळवळीतले लोक ते टाळतात. टाळले तर मिळणारं चित्र अर्धं असेल, आणि मराठा आळीला ‘तुम्ही तरी कुठे करता’ असं म्हणायला मोकळं रान मिळेल.

राहता राहिला वेळेचा प्रश्न, आणि तो किरकोळ नाही. इथली निम्मी घरं मुंबईकरांची. ती गणपतीत, शिमग्यात नि मे महिन्यात भरलेली असतात, आणि सोयरिकीच्या बोलण्यात मुंबईच्या मंडळींचा शब्द वजनदार असतो. एरवी गेलात तर म्हातारी भेटेल आणि ‘पोरांना विचारा’ म्हणेल. मे महिना सर्वांत सोयीचा, कारण लग्नांचा हंगाम, विषय आपोआप निघतो. पण मे महिन्यात आदिवासीवाडी रिकामी असते. कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर नि कोळशाच्या कामावर गेलेली असतात, ती पावसाच्या तोंडाला परततात. ज्याला खरोखर सगळ्यांना विचारायचं आहे, त्याला दोनदा यावं लागेल, आणि दुसऱ्यांदा येताना पोलादपूरच्या वरच्या वाड्यांपर्यंत चिखलातून चालत जावं लागेल.